भिंगरीच्या पोटात दुखतंय!

मूल न रडवता त्याचं पोट कसं तपासायचं, हे मी कुणालाही एका सकाळीत शिकवू शकतो!

हे वाक्य मी खरंच बोललो. तेही विभागातल्या सगळ्या डॉक्टरांसमोर, चहाचा कप हातात धरून! एरवी मी चारचौघांत दुसऱ्यांदा साखरसुद्धा मागत नाही. मेडिकल कॉलेजात बालरोगशास्त्र मी जन्मभर शिकवलं खरं, पण फळ्याकडे तोंड करून. पुस्तकातलं मूल मला नेहमीच सोयीचं वाटलं. पान उलटलं की गप्प होतं! वॉर्डातल्या मुलासमोर मात्र माझा आवाज ओल्या काडीसारखा नुसताच घासला जातो, पेटत नाही.

"वा सर!" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. त्या एकेकाळच्या माझ्या विद्यार्थिनी. "निवृत्त झालात म्हणून काय झालं? शनिवारी प्रात्यक्षिक घ्याच!"

मी असं काही बोलून बसलो, त्याला कारण होता खांब. हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी; सगळे त्याला खांबच म्हणत. उंची इतकी की दारातून आत येताना तो दाराला नमस्कार करतोय असं वाटे. खाटेजवळ तो उभा राहिला की मूल आधी त्याचे बूट बघे, मग गुडघे, मग वर, आणखी वर... आणि चेहरा दिसेपर्यंत भोकाड पसरे! बालरोगाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तो एकदा नापास झाला होता. आता पुढच्या आठवड्यात परत परीक्षा होती. आदल्याच दिवशी लायब्ररीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, या वेळी जमलं नाही तर मी हे सगळं सोडून घरी जाणार."

"अरे, दुसरा एखादा विषय घे की पुढे."

"मला लहान मुलांचाच डॉक्टर व्हायचं होतं, सर. मला मुलं फार आवडतात. त्यांना मी आवडत नाही."

मी त्याला एक जाड पुस्तक दिलं. रात्रभर मला त्या पुस्तकाची लाज वाटत होती.

तर माझी योजना अशी. माझी नात भिंगरी सहा वर्षांची. तिलाच खोटी पेशंट करायची! बटण गिळलंय, पोटात दुखतंय, असं ती सांगणार. विद्यार्थी तिला तपासणार. मी तिला नियम समजावला, "जो डॉक्टर खाली बसेल, तुझ्या डोळ्यांत बघेल आणि पोटाला हात लावण्याआधी तुझ्याशी गप्पा मारेल, त्यालाच खरं सांगायचं. बाकीच्यांना नाही. कुणी नुसता हात लावला तर ओरडायचं."

"तुम्ही विचारलं तरी नाही सांगायचं?"

"नाही! मलाही नाही!" मी करारी आवाजात म्हणालो. आयुष्यात करारी आवाज कधी काढू नये असं मला आता वाटतं.

'खरं वाटलं पाहिजे हं!' असं बजावून मी तालीम सुरू केली. भिंगरी सोफ्यावर अशी काही विव्हळू लागली की आमची ही स्वयंपाकघरातून पळत आली.

"अहो, पोरीला खोटं बोलायला काय शिकवताय?"

"खोटं नाही, अभिनय."

"तुम्ही अभिनय शिकवणार? लग्नात फोटोग्राफर 'हसा' म्हणाला तर तुम्ही त्याला विचारलंत, किती!"

भिंगरीचं मानधन ठरलं एक आइस्क्रीम. काम झाल्यावर, लगेच.

शनिवारी मी मुद्दाम पांढरा कोट घातला नाही, कारण कोट पाहून मुलं बिचकतात. जुना स्वेटर चढवला. विभागप्रमुख बाई मीटिंगला गेल्या होत्या. ते बरंच झालं असं मला तेव्हा वाटलं! मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मूल दुखतंय म्हणालं, की आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.' मग विद्यार्थ्यांकडे वळून सांगितलं की पेशंट खोटी आहे, तपासणी मात्र खरी करा. निदान मला तरी मी सांगितलं असं वाटतं. शेवटच्या रांगेने 'अं?' केलं होतं खरं.

भिंगरी खाटेवर पडून होती. पहिली पुढे झाली एक चटपटीत विद्यार्थिनी. 'नाव काय' नाही, 'गाव काय' नाही. नुकतेच धुतलेले, बर्फासारखे गार हात तिने थेट पोटावर ठेवले.

भिंगरीने जी किंकाळी फोडली! खिडकीच्या काचा हादरल्या. शेजारच्या वॉर्डातली बाळं एका सुरात सामील झाली. आणि बाहेरून जाणारे मुलांचे सर्जन वादळासारखे आत आले. हे गृहस्थ याच महिन्यात रुजू झालेले. ते मला ओळखत नव्हते.

"काय झालं?"

"बटण गिळलंय!" तीन-चार विद्यार्थी एकदम ओरडले. सगळे शेवटच्या रांगेतले.

"कुठलं बटण?"

भिंगरीने विव्हळत माझ्याकडे बोट केलं. "आजोबांच्या स्वेटरचं."

मी खाली पाहिलं. स्वेटरचं मधलं बटण नव्हतं! तिथे दोऱ्याचं एक टोक तेवढं लोंबत होतं.

वाचकहो, माझी अवस्था काय सांगू! बटणाची गोष्ट मी रचलेली. गिळण्याची कल्पना माझी. पण बटण तर खरंच गेलं होतं! माझा माझ्यावर कधीच फारसा विश्वास नव्हता. होता तोही त्या बटणाबरोबर गेला.

"ती... म्हणजे ते नाटक आहे," मी पुटपुटलो. "बहुतेक."

"आजोबा!" सर्जन कडाडले. "प्रत्येक घरचा माणूस हेच म्हणतो, नाटक करतेय! मूल दुखतंय म्हणालं, की आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा!"

विद्यार्थ्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एकाने तर ते वाक्य पुन्हा उतरवून घेतलं.

"एक्स-रे काढा! व्हीलचेअर आणा! ऑपरेशन थिएटरला कळवा!"

"हो, हो, एक्स-रे काढूयाच," मीच घाईने म्हणालो. प्लास्टिकचं बटण एक्स-रेत दिसत नाही, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. तरी!

"आणि हिला काही खायला-प्यायला देऊ नका!"

हे ऐकताच भिंगरीचं विव्हळणं थांबलं. "आइस्क्रीमपण नाही?"

"अजिबात नाही!"

आणि ती रडू लागली. हे रडणं तालमीतलं नव्हतं. मोठमोठे खरे अश्रू! सर्जन म्हणाले, "बघा, कळा वाढल्या."

आता मी धीर केला. तिच्यावर वाकून म्हटलं, "भिंगरी, राणी, खरं सांग. गिळलंस का?" तिने हुंदक्यातून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. बरोबरच होतं. मी उभा होतो! मी खाली बसायला गेलो. एक गुडघा टेकला. दुसऱ्याने वाटेतच नकार दिला. मी खाटेची कड धरून तसाच लोंबकळत राहिलो.

"यांनाही एक खाट द्या," सर्जन म्हणाले.

व्हीलचेअर आणायला अर्धे विद्यार्थी पळाले, फोन करायला उरलेले. विद्यार्थ्यांपैकी मागे राहिला एकटा खांब. भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. त्याने आधी मला अलगद उचलून खुर्चीत ठेवलं. मग तो खाटेजवळ गेला. भिंगरीची नजर वर वर जाऊ लागली, ओठ वाकडे झाले.

आणि खांब खाली बसला. स्टुलावर बसूनही तो उंचच होता. म्हणून तो फरशीवरच बसला, पाय खाटेखाली सारून. आता त्याला तिच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"माझ्याही पोटात गडबड आहे," तो म्हणाला. "ऐकतेस का?" आणि स्टेथोस्कोप तिच्या कानांना लावला.

भिंगरी हुंदके देत ऐकू लागली. "धडधडतंय."

"ते वर. पोट खाली."

"गुरगुरतंय! तुम्ही जेवला नाहीत?"

"भूकच लागत नाही. परीक्षा आहे ना."

"माझी झाली," भिंगरी म्हणाली. "सोपी असते."

मी श्वास रोखून बघत होतो. खांबने हात एकमेकांवर घासून गरम केले. "आता तुझी पाळी. तुझा हात वर ठेव, माझा खाली. दुखलं तर माझा हात ढकलायचा." तो हळूहळू चाचपत गेला, पोटाकडे न बघता, तिच्या चेहऱ्याकडे बघत. भिंगरी खुदकन हसली.

"गुदगुल्या होतात!"

"बरं. आता खाली उतर आणि उडी मारून दाखव."

भिंगरीने खाटेवरूनच उडी मारली! सर्जन दचकून मागे सरले.

"पोटात खरंच काही बिघडलं असतं तर अशी उडी मारता येत नाही, सर," खांब बसल्या जागेवरून म्हणाला. मग त्याने तिला हळूच विचारलं, "बटण कुठंय गं?"

तिने बूट काढला, मोजा उलटा केला आणि माझ्या स्वेटरचं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. "मी कापलं. आजोबाच म्हणाले, खरं वाटलं पाहिजे!"

तेवढ्यात व्हीलचेअर आली. कुणीतरी आणलीच होती, म्हणून मला तिच्यात बसवलं.

सर्जनांनी खांबच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसलेला असल्यामुळे हात पोचला! "ही तपासणी मी आधी करायला हवी होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आजोबा, मुलगा चांगला आहे. याला शिकवलंय कुणी?"

मी तोंड उघडलं. पण भिंगरी मध्येच म्हणाली, "आता आइस्क्रीम?"

पुढच्या आठवड्यात खांब धावतच माझ्या घरी आला. पास झाला होता! परीक्षेत त्याच्या वाट्याला एक तीन वर्षांचा रडवा पोरगा आला होता. खांब त्याच्यासमोर फरशीवर बसला आणि पोरगा थेट त्याच्या मांडीत येऊन बसला.

"परीक्षक थक्क झाले, सर! म्हणाले, हे शिकलात कुणाकडून?"

मी चष्मा पुसला. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. "मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, वा! या डॉक्टरबाई सध्या कुठे असतात?"

"बाई?"

"मी म्हटलं, सध्या पहिलीत असतात."

परीक्षक खूप हसले म्हणे. मीही हसलो. थोडा उशिरा.