वारा पाहून पत्र टाकणारे हसनभाऊ

हसनभाऊ पिंजारी पत्र लिहून झालं की ते लगेच पेटीत टाकत नसत. आधी पोस्टाच्या पायरीवर उभे राहून कापसाचं एक पुंजकं हवेत सोडत. पुंजकं पुण्याकडून घाटाच्या दिशेनं गेलं, तर पत्र पेटीत. उलट पुण्याकडे सरकलं, तर पत्र परत टोपीत आणि हसनभाऊ परत दुकानात.

"अहो, पत्र आगबोटीनं जातं," पोस्टमास्तर खिडकीतून ओरडत. "आगबोटीला शीड नसतं!"

"शीड नसंल. पर समुद्र त्योच हाय ना? उगं समोरनं वारा खात कशाला जायचं पत्रानं?"

पावसाळ्यात आमच्याकडे वारा महिनोन्महिने घाटातूनच वर येतो. त्या काळात हसनभाऊंच्या टोपीत दोन-तीन पत्रं साठत आणि टोपी डोक्यावर इतकी उंच दिसे, की लोक त्यांना नवी टोपी घेतली का म्हणून विचारत. भोळ्या समजुतींनी देशाचं केवढं नुकसान केलं आहे, यावर मी त्यांना त्या पायरीवरच एकदा अर्धा तास ऐकवलं. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? आता बगा बरं, तुमी बोलत व्हता तवर वारा फिरला का."

लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, कापूस पिंजायची एक धनुकली आणि कापसाचा ढीग. उन्हाळ्याच्या तोंडाशी बंगलेवाल्यांचे नोकर जुन्या गाद्या आणून टाकत, कारण मालक मंडळी हवा खायला यायची असत. मग दिवसभर टंग्-टंग् चाले आणि हसनभाऊंच्या भुवया, मिशा, दाढी सगळं कापसानं पांढरं होई. हंगाम संपल्यावर ते अंघोळ करून आले की कळे, दाढी मुळातच पांढरी आहे. घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

माझी त्यांची ओळख पेळूंमुळे झाली. मी कॉलेज सोडून गावी आलो होतो. सकाळी चरखा आणि दुपारी पत्रकं, असा माझा क्रम होता. चरख्याला लागणारे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, हसनभाऊ करून देत. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही साधे पिंजारी नाही. तुमच्या या धनुकलीत देशाचं भवितव्य आहे." त्यांनी धनुकली उलटसुलट करून तिची दोरी ओढून पाहिली. "तात जरा ढिली झालीया खरं," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुढारी' झालो.

पत्रव्यवहार सुरू झाला तो एका इंग्रजी पाकिटानं. वर नाव नव्हतं, नुसतंच 'पिंजारी, लोणावळा'. बाजारात पिंजारी एकच, म्हणून पोस्टमास्तरांनी ते हसनभाऊंना दिलं आणि हसनभाऊंनी मला. पत्र आफ्रिकेतल्या डर्बन शहराहून आलं होतं. लिहिणारी फातिमा नावाची शाळामास्तरीण होती. तिचे वडील सुलेमान आदल्या वर्षी वारले. ते जातीनं पिंजारी, तरुणपणी गलबतावर चढून आफ्रिकेला आले, आणि लोणावळ्याचं नाव नेहमी घेत. त्यांना एक धाकटा भाऊ होता. तो किंवा त्याची मुलंबाळं कुठं असतील तर कळवावं, एवढीच विनंती.

मी वाचत गेलो आणि धनुकलीचा आवाज थांबला. हसनभाऊंच्या थोरल्या भावाचं नाव सुलेमान. जवळच्याच वडिवळे गावातलं घर सोडून तो खांद्यावर धनुकली टाकून मुंबईला गेला, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. मुंबईहून त्याचं एकच कार्ड आलं होतं : गलबतावर काम मिळालं आहे, वारा सुटला की निघणार. वारा सुटला असावा, कारण दुसरं कार्ड आलं नाही.

"पुन्यांदा वाचा," हसनभाऊ म्हणाले.

मी चार वेळा वाचलं.

"आता लिवा. म्हनावं, हाय मी."

शेजारी वडिवळ्याच्या सगुणामावशी भाजीची पाटी घेऊन बसत. त्या म्हणाल्या, "आवो, खात्री तर करा आदी. सुलेमान काय एकच आसतो व्हय दुनियेत?"

"पिंजारी, सुलेमान, गलबत आन् लोनावळा. आनिक काय पायजे? घोड्यावर बसवून आनू का त्याला तुमच्याम्होरं?"

मग दर महिन्या-दोन महिन्यांनी पत्रं येऊ-जाऊ लागली. फातिमा मोकळं लिही. तिची शाळा टेकडीवर होती आणि वर्गाच्या खिडकीतून बंदर दिसे. शिडाची जहाजं आता क्वचित येतात, ती लिही, पण एखादं आलंच तर मुलं गणित टाकून खिडकीशी धावतात आणि मी त्यांना रागावत नाही. हसनभाऊ उत्तरात इथलं धुकं, सगुणामावशींचं तोंड आणि बंगल्यांतल्या गाद्यांत सापडणाऱ्या वस्तू यांची बातमी देत. एका गादीत त्यांना कवळी सापडली होती, ती हकिगत तिनं दोनदा मागवली.

लिहिणारा मी, म्हणून मी अधूनमधून खादीवर चार ओळी घाली. एकदा पाकीट बंद करताना त्यांनी माझा हात धरला.

"पुढारी, ह्ये दोन कागद झाले. मी येवडं बोललोच न्हाई."

"इंग्रजीत जागा जास्त लागते, भाऊ."

"मागल्या टायमाला न्हाई लागली ती? त्या पोरीला बाप न्हाई ऱ्हायला. तिला चुलत्याचं लिवा, देशाचं मागनं लिवा." मी तो कागद काढून घेतला, पण मला ते पटलं होतं असं नाही.

पुढं तिचं एक पत्र आलं : उन्हाळ्याच्या सुट्टीला रजा जोडून मी येते. ओळखीचं एक कुटुंब मुंबईला निघालं आहे, त्यांच्या सोबतीनं बोटीत बसेन.

हसनभाऊंनी ऐन हंगामात बंगल्यांच्या गाद्या परत पाठवल्या. एका शेटजींच्या नोकराला म्हणाले, "शेटला म्हनावं, येक साल पलंगाच्या फळ्यांवर झोपा, पाठ सरळ हुईल." मग त्यांनी फातिमासाठी गादी भरायला घेतली. पातळ, उन्हाळ्याची, बोटभर जाडीची. वाळ्याचं पाणी केलं. सगुणामावशींनी करवंदं आणली, कैऱ्या आणल्या. मे महिनाभर हसनभाऊ मुंबईच्या प्रत्येक गाडीला स्टेशनात हजर. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक तरुण बाईकडे ते असे बघत, की एका पारशीणबाईंनी शिपाई बोलावला.

कुणीही आलं नाही. करवंदं सुकली. पावसाला सुरुवात झाल्यावर पत्र आलं. त्यात तिनं सहज लिहिलं होतं, आता इथं थंडी पडली आहे, डिसेंबरात उन्हाळ्याची सुट्टी लागली की निघेन.

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

"डिसेंबरात उन्हाळा?" हसनभाऊ म्हणाले. "पोरीला ताप तर न्हाई?"

आफ्रिकेतल्या अन्यायांवर मी चार पानी पत्रक लिहिलं होतं. गोऱ्यांनी आपल्या लोकांवर बसवलेला प्रत्येक जुलमी कायदा मला पाठ होता. पण तिथं उन्हाळा कधी येतो हे काही मला माहीत नव्हतं. शेवटी आम्ही पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी कंदील लावला, मोहोर करायच्या लाखेचा गोळा त्याभोवती तिरका धरून फिरवला आणि वरच्या बाजूला ऊन तेव्हा खालच्या बाजूला थंडी, हे तीनदा समजावलं.

"म्हंजी सुलेमान गोळ्याच्या खाली ऱ्हात व्हता?"

"तसंच म्हणा."

"तरीच," हसनभाऊ म्हणाले, आणि कशाचा उलगडा झाला ते आम्हाला सांगितलं नाही.

पण आता नवी अडचण उभी राहिली. ती येणार तिच्या उन्हाळ्यात आणि उतरणार आमच्या थंडीत. तिच्या अंगाला कुठला हंगाम लागलेला असेल? आठवडाभर विचार करून हसनभाऊंनी पातळ गादी उसवली आणि डावी बाजू जाड, उजवी पातळ अशी पुन्हा भरली. मी आडवा होऊन पाहिलं. गडगडत उजवीकडे जमिनीवर आलो.

"तुमी वाचून वाचून हलके झालाव," ते म्हणाले.

माझ्या मनात संशय आला तो त्याच पावसाळ्यात. फातिमानं लिहिलं होतं, बाबा सांगत, लहानपणी त्यांना अंगणातून गलबतं दिसायची. वडिवळ्याच्या अंगणातून भातखाचरं दिसतात. मी तसं म्हणताच हसनभाऊ चिडले आणि पाऊस उघडल्यावर एका सकाळी मला घाटाच्या कड्यावर घेऊन गेले. "ल्हानपनी सुलेमान हितं यायचा. त्येला दिसलं आसंल. त्येची नजर लय लांबची." आम्ही दोन तास खाली बघत उभे होतो. खाली कोकण होतं आणि त्याच्यापुढं धूर की धुकं की समुद्र, ते कळत नव्हतं. "त्यो बगा, समुद्र!" ते एकदम ओरडले. मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "गेला वाटतं."

मला हे सहन होईना. मी सत्यासाठी कॉलेज सोडलं होतं, आणि इथं माझ्याच अक्षरात एक भ्रम पोसला जात होता. पुढच्या पत्रात मी हसनभाऊंना न विचारता, माझ्या सहीनं, तीन ओळी घातल्या : तुमच्या आजीचं नाव काय? घर कशाजवळ होतं? तुमचे वडील लोणावळ्याचेच, हे कशावरून? त्या पत्राला मात्र वारा लगेच मिळाला.

नोव्हेंबरात उत्तर आलं. पाकिटात तिनं मलाच उद्देशून लिहिलं होतं. मी दुकानात उभा राहून ते आधी मनात वाचलं. आजीचं नाव खतिजा. घर खाडीच्या काठी, मशिदीच्या मागे. वडिलांनी मुंबईला जाण्यापूर्वी एक हंगाम लोणावळ्यात गाद्या भरल्या होत्या, आणि त्या गावाइतकं सुख पुन्हा कुठं लागलं नाही, असं ते म्हणत. शेवटी लिहिलं होतं : हे जुळत नसेल तर मला स्पष्ट कळवा. मी बोटीत जागा राखून ठेवली आहे, पण ज्यांच्यावर माझा हक्क नाही त्यांच्या दारात मी येणार नाही.

हसनभाऊंच्या आईचं नाव हव्वाबी. मला ठाऊक होतं.

"काय लिवलंय?"

मी सगळं वाचून दाखवलं. मी विचारलेले प्रश्नही सांगितले. एक शब्द गाळला नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटत होता.

हसनभाऊंनी धनुकली खुंटीला लावली. बराच वेळ बोटांना चिकटलेला कापूस एकेक तंतू करून काढत बसले. सगुणामावशींनी पाटी आवरली.

"मला वाटलंच व्हतं," अखेर ते म्हणाले. "गलबतांचं लिवलं तवाच. सुलेमान कड्यावर कवा आलाच न्हाई. त्येला उंचावर घेरी यायची."

"मग मला तिथं का नेलंत?"

"जरा बगून आलो. दिसलं आसतं, तर बरं झालं आसतं."

मी दौत पुढं ओढली. "मग स्पष्ट लिहितो. तिची बोट निघायच्या आत पत्र पोचलं पाहिजे."

"लिवा. नावागावाचं आपन बसून बोलू. तू ये. गादी तयार हाय."

माझी लेखणी थांबली. "भाऊ, ही फसवणूक आहे. बाई समुद्र ओलांडून येणार."

"ह्यात खोटं काय हाय, दाखवा. गादी न्हाई का? बसून बोलनार न्हाई का मी? आल्याव सांगीन तिला समदं, माझ्या तोंडानं. आदी जेवू दे, झोपू दे. तिचा बाप जितं गाद्या भरीत व्हता त्यो बाजार बगू दे. कागदावर 'न्हाई' लिवून धाडलं, तर तितं येकटीच वाचत बसंल."

मी वाक्य परत परत तपासलं. त्यात खोटा शब्द एकही सापडला नाही, आणि तरी ते मला खरंही म्हणता येईना. तोवर ते पुन्हा बोलले, माझ्याकडे न बघता.

"सुलेमानलाबी पोरगी आसंल कुटंतरी. तीबी लिवीत आसंल कुना म्हाताऱ्याला, चुकून. त्या म्हाताऱ्यानं तिला 'ये' म्हनावं, येवडंच."

मी लिहिलं. त्यांनी पत्राची घडी घातली, माझ्याकडून पाकीट चिकटवून घेतलं आणि उठून पोस्टाकडे चालू लागले. पायरीवर त्यांनी कापसाचं पुंजकं सोडलं नाही; पत्र सरळ पेटीत टाकलं.