क्विर्कांच्या कबरीतली उरलेली जागा

जोहॅना क्विर्कनं एकदा बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता, आणि तो घ्यायला लावेल असा माणूस किलमोरन गावात अजून जन्मायचा होता! तिच्या शब्दावर घर चालायचं, मुलगा डोनाल चालायचा, गोठ्यातल्या गाईसुद्धा रांगेत चालायच्या. शाळेत ती चार इयत्ता गेली असेल-नसेल, पण तिची जीभ सुटली की भले भले मास्तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

तर तो होता कबरींना आशीर्वाद द्यायचा रविवार. अख्खं गाव दफनभूमीत. ज्यानं त्यानं आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि फादर टिअर्नी पवित्र पाणी शिंपडत फिरणार. आज कोण कुठं उभं आहे ते बघितलं, की पुढं कोण कुठं आडवं होणार हे कुणी सांगावं लागत नाही.

क्विर्कांच्या कबरीत सगळ्यात खाली सासूबाई. त्यांच्यावर जोहॅनाचा नवरा मॉरिस. आणि मॉरिसवर उरलेली एकच जागा. एक पेटी मावेल, दुसरी नाही. ती जागा जोहॅनाची. विषयच नव्हता!

पण त्या दिवशी तिची नणंद डेलिया, बिनलग्नाची, चिमणीएवढ्या जिवाची, हळूच म्हणाली, "वहिनी, ती वरची जागा... मला दुसरं कोणीच नाही हो. आई इथंच आहे."

झालं! जोहॅनाचं टाळकं सटकलं.

"वन्सं, जन्मभर माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसलात! जेवायला मध्ये, मोटारीत मध्ये, चर्चमध्ये मिस्सेला बाकावर मध्ये! आता मेल्यावरही मध्येच?"

"मध्ये नाही वहिनी. वर."

"वर जा नाहीतर खाली जा! मला नकोच ती जागा! मी माझा देह डॉक्टरांना देणार आहे! कॉलेजातली पोरं शिकतील त्यावर!"

हे तिनं आदल्या दिवशी टीव्हीवर कुठंतरी ऐकलं होतं. रागात तोंडाला जे पहिलं लागलं ते फेकून मारलं, एवढंच. पण फादर नेमके पाठीमागे येऊन ठेपले होते, आणि त्यांच्या झग्याला माईक! शेवटचं वाक्य कर्ण्यातून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. झाडावरचे कावळे उडाले!

"केवढं हे मन!" फादरांचे डोळे पाणावले. "बघा रे, बघा! याला म्हणतात दान!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दफनभूमीत! जोहॅनाला तेव्हाच म्हणता आलं असतं, की फादर, रागात बोलून गेले. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेलं माणूस स्वतःहून कधी उतरलंय? ती आणखी एक फांदी वर गेली.

"आणि माझी जागा," ती मान ताठ करून म्हणाली, "मी माझ्या नणंदेला देते!"

डेलियानं सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात धरले आणि ओक्साबोक्शी रडली.

त्यानंतर गावाला वेडच लागलं. जोहॅनाबाई देतात, मग आपण का नको? खाटकानं मेडिकल कॉलेजात नाव दिलं, पोस्टातल्या बाईनं दिलं, चर्चमधल्या गाणाऱ्या बायका तर गठ्ठ्यानं गेल्या. बारमध्ये राहायलाच असलेल्या पॅकी हर्लीनंसुद्धा नाव दिलं!

"पॅकीचं लिव्हर घेऊन डॉक्टर करणार काय?" जोहॅना दुकानात म्हणाली. "ते आधीच लोणच्यासारखं मुरलंय!"

सगळे हसले. पण एकटी असली की तिच्या मनात यायचं: मॉरिस बिचारा खाली वाट बघत असेल, आणि वरून उतरणार कोण? डेलिया!

पानं गळायच्या दिवसांत ती फुलं ठेवायला गेली, तर दगडावर मॉरिसच्या नावाखाली नवी सोनेरी अक्षरं! तिनं बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचलं: 'त्याची पत्नी जोहॅना, जिनं आपला देह डॉक्टरांना दिला.' डेलियानं स्वतःच्या पेन्शनमधून कोरून घेतलं होतं. शेजारून जाणाऱ्या पॅकीनं जोहॅनाला बघून टोपी काढली. तिला वाटलं, धरणी दुभंगावी. तशी ती दफनभूमीतच उभी होती, पण दुभंगली असती तरी आता तिला तिथं जागा कुठं होती!

घरी येऊन तिनं डोनालला धारेवर धरलं. "ते डॉक्टर अजून आले कसे नाहीत विचारायला?"

"आई, तू कॉलेजच्या अर्जावर सही केलीस ना?"

"सही कशाला? फादरांसमोर बोलले ना मी!"

डोनालनं कपाळाला हात लावला आणि कॉलेजला फोन जोडून दिला. पलीकडची मुलगी गोड होती. "माफ करा हं बाई, सध्या नवी नावं घेणं बंद केलंय. एकट्या किलमोरनमधूनच इतके जण आलेत! तिथल्या कुणी मोठ्या मनाच्या आजी आहेत म्हणे, त्यांनी सगळ्यांना वाट दाखवली. ओळखता तुम्ही त्यांना?"

"नाही!" जोहॅना म्हणाली आणि फोन आपटला.

"मग आता खाणीमागची नवी दफनभूमी," डोनाल म्हणाला. "अजून कोणीच नाही तिथं. तू पहिली."

"एकटी?"

"येतील की हळूहळू शेजारी."

"कुठून येणार रे मेल्या! सगळं गाव तर डॉक्टरांकडे निघालंय!"

शेवटी तिनं सफरचंदाचा टार्ट भाजला आणि डेलियाच्या दारात जाऊन उभी राहिली. डेलियानं घाईघाईनं किटली चढवली, ठेवणीतले कप काढले. जोहॅना टेबलाशी बसली. तिनं टार्ट पुढं सरकवला.

"वन्सं... ते डॉक्टर... मी सहीच केली नव्हती. आता ते घेत नाहीत. आणि मी... मला..."

"मॉरिसजवळ जायचंय," डेलिया म्हणाली.

जोहॅनानं टार्टकडे बघत मान हलवली.

"मग जा की! नवरा तुमचा. मला मेल्यावर जाळून टाकायला सांगेन. माझी राख ती केवढी, मुरंब्याच्या बरणीएवढी! तुमच्या पायाशी कुठंही मावेल. चालेल ना तुम्हाला?"

"जाळून?" जोहॅना दचकली. त्यांच्या घरात आजवर कुणाला जाळलं नव्हतं. "आणि दगडावरची ती अक्षरं?"

"राहू देत. चांगली कोरलीत पाथरवटानं."

जोहॅनाला वर बघवेना. काहीतरी करावं म्हणून ती उठली आणि तिनं किटली हातात घेतली. इतक्या वर्षांत या घरात तिनं स्वतः कधी चहा ओतला नव्हता. ती यायची, बसायची, पुढ्यात आलेलं प्यायची.

"बसा वन्सं. आज मी ओतते. साखर किती घालू तुम्हाला?"

डेलिया ओशाळून हसली.

"मी चहा घेतच नाही, वहिनी. तुम्ही येता म्हणून करते."