बाईजाचं अंदाजे वय

बाईजाचा म्हातारपणाच्या पेन्शनचा अर्ज शहापूरच्या कचेरीतून तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा तिची नात हर्षाली रजेवर डोळखांबकडच्या पाड्यावर आलेली होती. बाईजाच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, पण आधार कार्डावर ती त्रेपन्न वर्षांची होती. कार्ड काढणाऱ्याने जन्म कधीचा म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, दुष्काळाच्या लय आधी. त्याने फक्त दुष्काळ ऐकला आणि एक जानेवारी एकोणीसशे बहात्तर टाकून दिलं.

हर्षाली कोकणातल्या एका कासव-संशोधन केंद्रात कामाला होती. किनाऱ्याला मरून लागलेल्या समुद्री कासवांच्या पुढच्या पायाचं हाड कापायचं, त्याच्या पातळ चकतीवरची वाढीची वलयं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि वय सांगायचं. मादी कितव्या वर्षी अंड्यावर येते हे कळलं, की तिला तोवर किती जपावं लागेल ते ठरवता येतं. कासवाचं वय काढणारीला आजीचं काढता येऊ नये, याचा तिला राग आला. बाईजाला आणि वडिलांना, म्हणजे गणूला, घेऊन तीच कचेरीत गेली.

सरकारी डॉक्टरने लिहून दिलेलं होतं, वय अंदाजे सत्तर. कारकून म्हणाला, अंदाजे चालत नाही. हर्षालीने सांगितलं, आम्हीसुद्धा वीस ते चोवीस असंच लिहितो, आणि तेवढ्यावर किनारे राखले जातात.

"कासवाला आधार कार्ड नसतं ना," कारकून म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. त्याने मोबाइलवरचे हाडांचे फोटो आवडीने पाहिले, शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावून दाखवले आणि विचारलं, मादी पहिल्यांदा अंडी कधी घालते? दहा-बारा वर्षांच्या आत नाहीच, हर्षाली म्हणाली. एवढी थांबते, याचं दोघांनाही नवल वाटलं.

हर्षालीने गणूचा शाळेचा दाखला पुढे ठेवला. जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

"मग साहेब, माझी आजी सहाव्या वर्षी आई कशी झाली?"

कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "बरोबर आहे तुमचं. शक्यच नाही."

तीनदा अर्ज परत आल्यावर पहिल्यांदाच कोणी बरोबर म्हटलं होतं. हर्षालीला हायसं वाटलं.

"म्हणजे हे यांचे चिरंजीव नाहीत," कारकून म्हणाला.

मग मदत करायची म्हणून त्याने स्वतःच दुसरा फॉर्म काढला. निराधार विधवांचा. त्याला पासष्ट वर्षांची अट नव्हती. मूलबाळ नसलं की झालं, आणि कागदावर ते नव्हतंच. हर्षाली भांडायला उठली. बाईजाने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"आंगठा कुठं लावू, सायेब?"

पंधरा दिवसांनी तलाठी चौकशीला पाड्यावर आला. हर्षाली कामावर परत गेली होती. गणूने त्याला खाट टाकून दिली, तांब्याभर पाणी आणलं.

"हा कोण?" तलाठ्याने विचारलं.

बाईजाने गणूकडे पाहिलं.

"शेजारचा हाय," ती म्हणाली. "गुणाचा हाय. येऊन बघून जातो मला."

तलाठ्याने तसं लिहून घेतलं. गणू रिकामा तांब्या उचलून शेजारच्या अंगणात गेला आणि तलाठी जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.