गव्हांकुरवाले सोपानआण्णा

सोपानआण्णा माणूस भेटला की आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात. भरे गावातली त्यांची वरची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आत त्यांचा अंगठा माझ्या डोळ्याखाली होता. "पांढरं हाय. गंज चढलाय तुमाला, सर," असं निदान करून मगच त्यांनी किल्ली दिली.

गंजावरचा इलाज गच्चीत होता. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये हिरवेगार गव्हांकुर. वीतभर झाले की आण्णा ते कात्रीने कापत, मिक्सरमधून काढत, फडक्यातून गाळत आणि सकाळी प्रत्येक भाडेकरूच्या दारात पेला घेऊन उभे राहत. चव म्हणाल, तर बैलाच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखी. पेला रिकामा होईपर्यंत ते हलत नसत. गॅसवाला तर सिलिंडर फाटकाशी ठेवून लांबूनच हाक मारायचा.

मी पिरंगुटच्या एका कंपनीत, लॅबमध्ये केमिस्ट. हे कळल्यावर आण्णांना आपला माणूस सापडला. गच्चीवर बोलावून ते मला खोदून खोदून विचारत. मी सांगितलं, गव्हांकुरात फ्लेव्होनॉइड असतात, फिनॉलच्या जातीची संयुगं असतात, थोडं क जीवनसत्त्व असतं. ही सगळी ऑक्सिडेशनला अटकाव करतात. "म्हंजे गंजालाच की," ते म्हणाले. उपमा काही वाईट नव्हती. पण परीक्षानळीत जे दिसतं तेच पोटात गेल्यावर होईल याची खात्री नाही, हे माझं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

त्यांची खरी भिस्त हरितद्रव्यावर होती. त्याचं अंगात रक्त होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून सगळ्यांत मोठा पेला काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. काकू पांढऱ्याफटक दिसत. भांडी घासता घासता भिंतीला टेकून उभ्या राहत. गच्चीचा जिना चढणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की आण्णा म्हणत, रस चालू हाय.

एका संध्याकाळी काकूंना अंगणातच घेरी आली. त्या सावरल्यावर मी आण्णांना स्पष्ट सांगितलं. हरितद्रव्य आणि रक्तातला लाल रंग यांची घडण सारखी दिसते, पण एकाच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, दुसऱ्याच्या लोह. एकाचं दुसरं होत नाही. काकूंचं रक्त तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात पेला आला नाही. त्यानंतरही आला नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण चैन पडेना.

मग एका सकाळी ते रिकाम्या हातांनी आले आणि उंबऱ्यातच बसले.

"माजी आय चालत गेली व्हती दवाखान्यात," ते म्हणाले. "आमी तिला झोपवून आणली. म्हनून हिला न्यायचं भ्या वाटतं. मला कायतरी उगवायचं तेवढं येतं, सर. तेच करत बसलो. तुमी संगं येता का?"

मी रजा टाकली. दवाखान्यात सबंध वेळ आण्णांनी काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. काकूंनीही ते सोडवून घेतलं नाही. पोटात जुना व्रण निघाला. त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. औषधांनी बरा होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लोह सलाइनमधून दिलं. व्रण भरेपर्यंत रस बंद, असंही त्यांनी बजावलं. आण्णांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. काकू मात्र चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या.

पावसाळा सरला. एका सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो, तर जिन्यावर पावलं वाजली. काकू स्वतः चढून आल्या होत्या. धाप फारशी नव्हती. आण्णा कात्री हातात धरून बघतच राहिले. मग घाईघाईने खुर्ची झटकून पुढे केली.

काकूंनी बसल्या बसल्या सगळ्या ट्रेंवरून नजर फिरवली.

"एवढी जागा घातली गवतात," त्या म्हणाल्या. "कायतरी भाजीचं लावा की."

दुसऱ्या दिवशी आण्णा निम्मे ट्रे रिकामे करून मेथी पेरत होते आणि काकू शेजारी बसून त्यांच्या चुका काढत होत्या.