भाऊरावांचा सातवा नाका

दर रविवारी सकाळी डोमाजीकाका इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीशेजारी उभे राहत आणि इंग्रजी कार्टून आम्हाला वऱ्हाडीत समजावून सांगत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आवाज मात्र असा, की पलीकडच्या गल्लीतही ऐकू जावा.

वस्तीत टीव्ही तो एकच. काका वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात हमालांचे मुकादम होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घेतलेली पहिली मोठी वस्तू ही. कार्टून एका व्हिडिओ गेमवरून काढलेलं होतं. तलवारवाला एक शिपाई, जादूचा सात मजली किल्ला, मजल्या-मजल्यावर राक्षस आणि सगळ्यात वर कोंडलेली त्याची बहीण. काकांनी शिपायाचं नाव ठेवलं भाऊराव. मजल्यांना ते नाके म्हणत, ट्रक अडवणारे जकातीचे नाके असतात तसे.

"हा दुसरा नाका. राक्षस म्हणते, कागद दाखव. भाऊराव म्हणते, कागद घरी राह्यले गा, जाऊ दे, बहीण वाट पाहून राहिली. दमानं, दमानं!"

"काका, आमालेबी डोळे हायेत ना," कोणीतरी म्हणे.

"डोळे हायेत, ध्यान कुठी हाये?" असं म्हणून ते आवाज आणखी चढवत.

मी त्या वर्षी बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. एका रविवारी मला राहवलं नाही. "काका, तो राक्षस कागद मागत नाही, कोडं घालतोय. आणि भाऊराव आत्ता मेला. गेममध्ये त्याला तीन जीव असतात, त्यातला एक गेला."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "मेला नाही! दम खाऊन राहिला!"

पुढं एका रविवारी कार्टूनच्या जागी शेतीचा कार्यक्रम लागला. नंतरच्या रविवारीही तोच. भाऊराव पाचव्या नाक्यावर अडकला तो अडकलाच.

मग एका दुपारी काका माझ्या दारात. "चाल गा बी.ए., बर्डीले. त्या खेळाची मशीन हाये म्हणते तिथं. सातवा नाका पाहून येऊ. इंग्रजी तू वाच."

बर्डीच्या बाजारातल्या त्या व्हिडिओ गेमच्या हॉलमध्ये सगळी कॉलेजची गर्दी, आणि मध्ये धोतर-टोपीतले काका मशीनचा दांडा ट्रकच्या गिअरसारखा ओढत उभे. "सरक गा भाऊराव! दाब, दाब!" भाऊराव पहिल्याच खंदकात पडला. पुन्हा पडला. एकदा कसाबसा दुसऱ्या नाक्यापर्यंत गेला.

"आजोबा, नातवाले पाठवा," मागून कोणी म्हणालं.

"नातू असता तर मी कायले आलो असतो?" काका वळून न पाहताच म्हणाले.

शेवटी मशीनच्या काचेवर अक्षरं उमटली.

"काय लिहिलं?"

"खेळ संपला."

"बहीण घरी पोचली का नाही, ते?"

"ते नाही लिहिलं, काका."

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "आता तुह्या काकूले काय सांगू?"

काकूंना लकवा झाल्याचं मला माहीत होतं. आत त्या झोपून असतात, एवढंच मी धरून चाललो होतो.

"तोंड वाकडं झालं तवापासून चारचौघांत येत नाही. म्हणलं, टीव्ही तुह्या खोलीत ठेवतो. तर म्हणते, नको, लोकं येऊ द्या, घर भरलं राहते. पडद्याआडून ऐकते सारं." मग म्हणाले, "तू भाऊराव मेला म्हणलं ना, त्या दिवशी जेवली नाही."



घरी पोचलो तर पडद्यामागून काकूंचा अडखळता आवाज आला, "काय झालं हो भाऊरावाचं?"

काका टीव्हीच्या बाजूला, नेहमीच्या जागी उभे राहिले. टीव्ही बंद होता. "सातवा नाका! राक्षस म्हणते, कागद दाखव. भाऊरावानं दाखवला. बहीण घरी पोचली!"

"तुमचा भरोसा नाही मले. बी.ए.ले विचारा, त्याले इंग्रजी येते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे, काकू," मी आवाज चढवून म्हणालो. "इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं."

"अन् भाऊराव?"

"बरा आहे, काकू. दम खाऊन राहिला."