रानभेंडीचा खाचोबा आणि मुक्कामी पाहुणा

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, जिथे आता ‘निसर्गरम्य प्लॉट’ अशी पाटी लागली आहे त्या जंगलात, एक रानभेंडी राहत होती.

नीट मांडी घालून बसा. मोबाईल उलटा ठेवा. गोष्ट सोपी आहे. तुमच्या आईबाबांना समजली नाही तरी तुम्हाला समजेल.

रानभेंडी जेमतेम कमरेएवढी. अंगावर बारीक लव. शेंड्याजवळ तिने एक कळी धरली होती, पहिलीच. कळी उमलली की शेंग, शेंगेत बी, आणि बी पडलं की पुढच्या वर्षी पुन्हा रानभेंडी. तिच्या जन्माचं काम एवढंच. तेव्हा त्या कळीवर लक्ष ठेवा. गोष्टीतलं दुसरं कोणी ठेवणार नाही.

आता तिच्या खोडात शिरू. आत खोल्याच खोल्या. आपण एकच बघू, कारण सगळीकडे सारखाच कारभार होता. खोलीत एक कोठी. कोठीत वाढीचं सगळं सामान. आणि कोठीच्या झाकणावर एक बाई बसलेली. तिचं नाव थांबाबाई. ती उठल्याशिवाय कोठी उघडत नसे, आणि ती आपणहून कधी उठत नसे.

कोठीशेजारी खाचोबा उभा असे. हा द्वारपाल. त्याच्या छातीत एक खाच होती. डोक्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शेंड्याकडून रोज एक निरोप्या खाली यायचा. किडकिडीत, घाईतला. तो खाचोबाच्या खाचेत जाऊन बसायचा. तो बसला की खाचेची कड चिकट व्हायची आणि थांबाबाईचा पदर तिला चिकटायचा. मग खाचोबा बाईला झाकणावरून ओढायचा, पाठीवर शिक्का मारायचा आणि मागच्या जात्यात ढकलायचा. बाईचं पीठ. कोठी उघडी. खोली थोडी लांबायची, झाड थोडं वाढायचं.

घाबरू नका. कोठीतल्या सामानातच नवी थांबाबाई असायची. तेच रूप, तोच पदर. ती बाहेर येऊन झाकणावर बसायची. तोवर निरोप्याही विरघळून गेलेला असायचा. वाढ झाली, थांबली. बाईला याचं दुःख नव्हतं. आपल्यामागे आपल्यासारखीच येणार हे तिला ठाऊक होतं.

मोठी माणसं निरोप्याला संप्रेरक म्हणतात आणि खाचोबाला ग्राही. एखाद्या गोष्टीला नाव दिलं की मोठ्या माणसांना ती कळली असं वाटतं.

खाचोबाला मात्र वाटायचं, झाड आपल्यामुळेच वाढतं. कोण आला, कुठून आला, कशाला आला, असलं काही तो विचारत नसे. खाचेत बसतोय का, एवढंच बघायचा.

“बसला म्हणजे आपला,” तो म्हणायचा. “एवढ्या दिवसांचा अनुभव आहे माझा.”

एके दिवशी जंगलाच्या कडेला एक माणूस आला. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. त्याला तिथे हिरवंगार लॉन हवं होतं आणि लॉनशिवाय काहीही नको होतं. त्याने सगळीकडे औषध मारलं. हो, ते लोक त्याला औषधच म्हणतात.

त्या फवाऱ्यातून रानभेंडीच्या पानात एक पाहुणा उतरला. गुटगुटीत, गुळगुळीत, तोंडावर कायमचं हसू. तो खोडातून खाली खाचोबापर्यंत आला.

“नमस्कार साहेब. शेंड्याकडून आलोय.”

साहेब! खाचोबाला जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्याने छाती पुढे केली. पाहुणा खाचेत बसला. जरासा हलत होता. खाच त्याच्या मापाची नव्हती, आणि हे खाचोबाला कळलं. बाळांनो, बरं का, कळलं त्याला!

“थोडं ढिलं वाटतंय,” खाचोबा म्हणाला.

“नवीन पद्धत आहे साहेब. मोकळंढाकळं.”

“असं होय. चालायचंच.”

कड चिकट झाली. थांबाबाईचा पदर चिकटला. शिक्का, जातं, पीठ. कोठी उघडली, खोली लांबली, नवी थांबाबाई येऊन बसली. इथवर सगळं रोजच्यासारखं. पण पाहुणा विरघळेना.

नव्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. “अहो खाचोबा, शेंड्याचा माणूस काम झालं की जातो. हे का नाही गेले?”

“आम्ही मुक्कामी आहोत,” पाहुणा म्हणाला.

“मुक्कामी? शेंड्याकडून कधी कोणी मुक्कामाला आलंय? वर कळी धरलीय हो. तिला रस पुरायला हवा. सगळा रस वाढण्यातच घालवला तर ती उमलायची कशी?”

पाहुण्याने खाचोबाच्या कानाला तोंड लावलं. “साहेब, ही बाई वाढीच्या विरोधात आहे का हो?”

“तिचं तोंडच तसलं आहे,” खाचोबा म्हणाला, आणि तिला ओढलं.

पुढची आली. तिनेही तेच विचारलं. तीही जात्यात. त्याच्या पुढचीही. झाकण टेकायला फुरसत मिळेना. बायका यायच्या, प्रश्न विचारायच्या, पीठ व्हायच्या. प्रश्न एकच होता आणि बरोबर होता. उत्तर द्यायची गरज कोणाला वाटली नाही.

बाहेर रानभेंडी वाढत सुटली. वाढली म्हणजे कशीही. खोड पिळवटलं. पानांचे देठ उलटे वळले. एक बाजू दुसरीच्या पुढे धावली आणि झाड आपल्याच अंगाभोवती मुरडलं. मुळं फुगली आणि पाणी ओढायचं विसरली. तिला वेदना होत होत्या, आणि ते बघणाऱ्याला दिसत होतं. बघायचं असतं तर.

जंगल विकास मंडळाचा अध्यक्ष सरडा होता. तो फांदीवर चढून ओरडला, “अरे, या सगळे! वाढ बघा, वाढ! हिच्याआधी कोणी वाढलं होतं का?”

सगळे आले. खार म्हणाली, “अगं बाई, काय तो बाक! आम्हाला का जमत नाही असं?” ससा म्हणाला, “मी तर आधीच म्हटलं होतं.” त्याने काहीच म्हटलं नव्हतं. रानभेंडीचा सत्कार ठरला. पळसाचं पान शाल म्हणून तिच्या मुरडलेल्या खांद्यावर घातलं. ते घसरलं, पुन्हा घातलं. सरड्याने भाषण केलं. भाषणात तो तांबडा झाला, मग हिरवा झाला, आणि आपल्या मार्गदर्शनाबद्दल त्याने स्वतःचेच आभार मानले.

झाडाच्या पायाशी हरळी होती. साधं गवत. फवारा तिच्यावरही पडला होता. ती म्हणाली, “अध्यक्ष, तिच्यात कोणतरी घुसलंय. आमच्याकडंबी आला हुता त्यो. साहेब, साहेब करत.”

“मग तू का नाही वाढलीस?” सरड्याने विचारलं.

“आमी त्याला बसूच दिला न्हाई. चौघींनी धरला, हातपाय बांधलं, न् कोपऱ्यात टाकला. वळख ना पाळख, घरात कशाला घ्यायचा?”

सगळे हसले. “म्हणूनच खुरटी राहिलीस!” खार म्हणाली. हरळीसारख्यांना गप्प बसवायला आपल्याकडे एवढं पुरतं.

मग खोडाला चीर गेली.

आत रस संपत आला. कोठीत आता खडखडाट होता. त्यातून शेवटची थांबाबाई बाहेर आली. अगदी काटकुळी. झाकणावर बसायचं बळही तिच्यात नव्हतं. तिने झाकणाला नुसता हात लावला.

“खाचोबा,” ती म्हणाली, “आता माझ्यामागे कोणी नाही. कळी अजून हिरवी आहे. एवढा एक दिवस मला बसू द्या.”

खाचोबाने पहिल्यांदाच पाहुण्याकडे नीट पाहिलं. “अहो, जरा उठता का?”

“कशाला साहेब? मी काय केलं? मी तर नुसता बसलोय. ओढलं तुम्ही, शिक्का तुमचा, जातं तुमचं.”

हे खरं होतं. क्षणभर, बाळांनो, खाचोबाच्या मनात आलं की हात मागे घ्यावा. मग त्याने खाचेकडे पाहिलं. खाच भरलेली होती. कड चिकट होती. बाईचा पदर चिकटला होता.

“नियम आहे बाई,” तो म्हणाला. “बसला म्हणजे आपला.”

आणि त्याने तिला ओढलं.

कळी सकाळी गळून पडली. हिरवीच. हरळीने तिला आपल्या पात्यांवर झेललं आणि ती रडली. मलाही सांगताना रडू येतं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येतो.

खाचोबा सुकलेल्या खोडात अजून उभा आहे. पाहुणा अजून त्याच्या खाचेत बसलेला आहे, हसत. ओढायला आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे खाचोबाला वाटतं की कारभार एकदाचा सुरळीत झाला.

सरडा शोकसभेत म्हणाला, “गेली खरी, पण काय उंची गाठून गेली!” मग मंडळाने ठराव केला की पंपवाल्या सद्गृहस्थांना शेजारच्या जंगलातही बोलवावं. ठराव एकमताने मंजूर झाला. हरळीला मत नव्हतं.

तात्पर्य: बाळांनो, दारात आलेल्याला ‘तू कोण’ असं कधी विचारू नये, त्याने साहेब म्हटलं की पुरे. घरात ‘थांबा’ म्हणणारी बाई असेल तर तिला वेळीच दळावं, म्हणजे वाढ थांबत नाही. आणि पुढच्या वर्षी बी कुठून आणायचं, हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या मुलांनी सोडवायचा असतो. म्हणजे तुम्ही. आता टाळ्या वाजवा.