रामरावांवर खूष असलेली सुई

रुपालीला हिमालयात पाठवायचं की नाही, हे ठरवण्यासाठी विमलताईंनी आधी नवऱ्याला टेकडीवर पाठवलं.

रुपाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुसदला कॉलेजात शिकत होती आणि अभ्यासापेक्षा तिथल्या मुलींच्या गिर्यारोहण मंडळाच्या दोर-गाठी, नकाशे, होकायंत्र यांतच जास्त रमली होती. उन्हाळ्यात हिमालयात महिनाभराचं शिक्षण होतं आणि मंडळानं त्यासाठी तिची निवड केली होती. पोरगी नाचत घरी आली, तर विमलताई म्हणाल्या, "पाह्यल्याबिगर मी कशालेच हो म्हनत नाई." त्यांनी आजवर साधं वांगंसुद्धा उलटंपालटं करून बघितल्याशिवाय घेतलं नव्हतं. इथे तर पोटची पोर बर्फात धाडायची होती.

मंडळाची हिवाळी पायपीट नेमकी त्यांच्याच गावाजवळ, बोरी अरबच्या बाजूच्या टेकड्यांत होती. विमलताईंनी नवऱ्याला हुकूम सोडला, "तुमी जा त्यायच्या संग. रस्ता कसा काढते, दोर कसे बांधते, सारं पाहून या. नीट घरी आले तं पोरगी जाईन. नाई तं नाई."

रामरावांना नाही म्हणायला कारण नव्हतं. त्या साली कापसाचा भाव पार बसला होता आणि खरेदी केंद्र काही उघडत नव्हतं. बैठकीत कापूस, चुलीच्या अलीकडे कापूस. पाहुणा आला की त्याला कापसावरच बसवावं लागे. घरात मावेना तेव्हा उरलेल्याचा ढीग वावरात, टेकडीच्या दरडीखाली घातला होता. त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा डोंगर बरा. शिवाय रुपालीनं जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. या कापसाच्या पलीकडे जगात काय आहे, ते घरातलं एक तरी माणूस बघून येईल!

निघताना विमलताईंनी स्वतःच्या हातानं त्यांच्या कमरेला पानाची चंची खोचली. तीत पान, चुना, सुपारी आणि त्यांच्या माहेरचा भलामोठा लोखंडी अडकित्ता. "सुपारी फोडल्याबिगर तुमचं डोकं चालत नाई," त्या म्हणाल्या.

टेकडीपलीकडच्या गावातून मंडळी निघाली तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. मंडळाचे शिक्षक इंद्रजित सर तिशीतले, उत्साही आणि नियमाला पक्के. सूर्य दिसत नाही म्हणून ते खूषच झाले.

"आज पायवाट विसरा, सूर्य विसरा. फक्त होकायंत्र! सरळ उत्तरेला चाललो की तलाव लागते. डबे तिथंच उघडाचे."

वयाचा मान म्हणून त्यांनी होकायंत्र रामरावांच्या हाती दिलं. "काका, पोटाजवळ धरा. लाल टोक जिकडं, तिकडं उत्तर."

रामरावांनी प्रसादाची वाटी धरावी तसं ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, थेट चंचीच्या वर. लाल टोक बरोबर समोर. ते चालू लागले. वाटेत बोरीची जाळी आडवी आली म्हणून डावीकडे वळले. बघतात तर सुईही त्यांच्याबरोबर वळलेली, लाल टोक पुन्हा नाकासमोर.

"रुपाली, हे सुई तं माह्यावर खूष हाये वं! मी जिकडं तोंड करतो, तिकडंच उत्तर!"

"बाबा, असं नसते होत."

"मंग पाह्य ना तूच."

रुपालीनं वाकून बघितलं. लाल टोक खरंच समोर होतं. सरांनीही बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि यंत्रापुढे आपण काय बोलणार, असा चेहरा केला. रामरावांच्या हातातून ते काढून घ्यावं असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. दिलेला मान परत कसा घेणार?

मग काय! नाला आला की रामराव वळत, दगड आला की वळत आणि उत्तर दिशा बिचारी त्यांच्यामागे फरफटत येई. तलाव काही लागेना. पोरी भुकेनं रडकुंडीला आल्या, पण डबे तलावावरच उघडायचे होते. शेवटी झाडं संपली आणि सगळे एका दरडीच्या काठावर येऊन थांबले. खाली एक वावर होतं.

रामरावांनी शेतकऱ्याच्या नजरेनं ते न्याहाळलं. "कोनाचं हाये हे? तुरीत पाह्य केवढं गवत! बांध फुटला तं फुटलाच. लयच आळशी मानूस दिसते."

"बाबा," रुपाली हळूच म्हणाली, "त्या निळ्या लुगड्याकडं पाहा."

निळं लुगडं कपाशीतून उभं राहिलं आणि कपाळाला हात लावून वर बघू लागलं. रामरावांनी फुटलेल्या बांधाकडे पुन्हा एकदा बघितलं. आपलं वावर वरून कसं दिसतं, हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

"अवो!" खालून विमलताईंचा आवाज आला. "तुमी तं तलावावर गेलते ना? इथं काय करून राह्यले?"

मागे फिरायचं तर सगळी टेकडी पुन्हा तुडवावी लागली असती. इंद्रजित सर घाईघाईनं ओरडले, "काकू, आता दोराचा पाठ आहे!" झाडाला दोर बांधून ते पहिले उतरले आणि थेट विमलताईंच्या तावडीत सापडले. वर रुपालीनं एकेका पोरीच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि सगळ्यांना अलगद खाली सोडलं. विमलताई सरांची उलटतपासणी मध्येच थांबवून वर बघत होत्या.

मग रामरावांची पाळी आली.

"बाबा, मी बांधून देते."

"जलमभर बैलं बांधले मी. तू मले गाठ शिकवतं?"

"पाहू तं द्या!"

"पाह्यलं समज," म्हणत ते पाठ फिरवून काठावरून उतरलेसुद्धा.

त्यांनी मारली होती सुरगाठ. बैलाला बांधायला तीच बरी. बैल कितीही ओढो, सुटत नाही आणि आपण मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. अर्ध्यावर ते मोकळं टोक त्यांच्या नाकापुढे लोंबकळू लागलं. हात सवयीनं गेला. बैल सुटतो तसे रामराव सुटले.

ते पडले थेट कापसाच्या ढिगात, गळ्यापर्यंत रुतले. त्या साली त्या कापसाचा कोणाला काही उपयोग झाला असेल, तर तो रामरावांना.

विमलताईंनी आधी त्यांचे हातपाय चाचपले, मग डोळे पुसले आणि मग तोंड सुटलं. "तुमी तुमच्या गाठीनं पडले. बाकीच्या पोरी कशा उतरल्या, तेही पाह्यलं म्या. दोराचं काई म्हननं नाई. पन रस्ता? तलावाले निघालेले लोक माह्या कपाशीत येते! हिमालयात निघाले तं चीनमंदी जातीन! रुपाली जानार नाई."

 मागोमाग दोरानं उतरलेली रुपाली बापाच्या अंगावरचा कापूस वेचू लागली आणि ते बघून कानात कापूस भरलेल्या रामरावांना रडू येईलसं झालं. पोरीचं सोनं होत होतं, ते आपण मातीत घातलं.

तरी दारी आलेल्यांना चहाशिवाय सोडायची विमलताईंची रीत नव्हती. घरी सगळे कापसावर बसले, डबे एकदाचे उघडले. रुपाली होकायंत्र खाटेवर ठेवून नुसती त्याच्याकडे बघत बसली. सरांना पान द्यावं म्हणून विमलताईंनी नवऱ्याच्या कमरेचा अडकित्ता काढला आणि खाटेच्या कडेला सुपारी फोडायला घेतली. सुई दचकली.

"आई, थांब! पुन्हा आन तो जवळ."

विमलताईंनी अडकित्ता डावीकडे नेला, सुई डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे. त्यांनी पुन्हा नेला, पुन्हा आणला. बघितल्याशिवाय त्या काही मानत नसत. आता बघत होत्या.

"हा दिवसभर बाबाच्या कमरेले होता," रुपाली म्हणाली.

"अन यंत्र पोटाजवळ धरा, असं मीच सांगितलं," इंद्रजित सर पुटपुटले.

"कमरेले खोचून कोनं देल्ला होता बरं?" रामरावांनी अगदी गरीब आवाजात विचारलं. हसू त्यांनी मोठ्या कष्टानं आवरलं होतं.

विमलताईंनी सुपारी फोडली. सगळ्यांना वाटली. मग कापसाच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "थंडी लय असन तिथं. पोरीले एक जाड रजई भरून देऊ. कापूस हाये घरात."

उन्हाळ्यात यवतमाळच्या स्टँडवर रुपाली गळ्यात होकायंत्र अडकवून गाडीत चढली तेव्हा रजई इतकी जाड झाली होती की कंडक्टरनं तिचं वेगळं तिकीट मागितलं. रामराव खिडकीशी जायला निघाले, तोच विमलताईंनी त्यांच्यापुढे हात पसरला. त्यांनी मुकाट्यानं चंचीतला अडकित्ता काढून दिला. तो पदराखाली घट्ट धरून विमलताई गाडीपासून लांब, स्टँडच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच पोरीला हात हलवत राहिल्या.

गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी बराच वेळ त्यांनी तो अडकित्ता नवऱ्याला परत दिला नाही.